मुक्काम पोस्ट बोलोन्या

प्रवासास निघालेला मनुष्य प्रेक्षणीय असतो खरा. परंतु प्रवासाचा बेत करणारे कुटुंब त्याहूनही अधिक प्रेक्षणीय असते, हे माझे पुष्कळ वर्षांचे मत, आमच्या मेहुण्यांच्या घरी इटलीचा विषय निघाल्यापासून, अधिकच दृढ झाले आहे. मेहुणे नायब तहसीलदार म्हणून सेवानिवृत्त झालेले. उमेदीचा सारा काळ सात-बारा, फेरफार आणि पंचनामे यांत खर्ची पडल्यामुळे कोणतीही गोष्ट, मग ते नातवाचे बारसे असो वा देवगडहून आलेली आंब्याची पेटी असो, दफ्तरी दाखल झाल्यावाचून घडली असे त्यांच्या मनास वाटतच नाही. त्यांचे चिरंजीव हिंजवडीस संगणकाच्या नोकरीत, आणि त्या नोकरीत पगार मुबलक असला तरी रजा तुटपुंजी. तेव्हा त्यांनीच प्रथम असा ठराव मांडला की, सबंध युरोप एका दमात पालथा घालणाऱ्या त्या सुप्रसिद्ध सहलींच्या वाटेस न जाता, आठवड्याच्या आत मावेल असा एकाच शहरी मुक्काम करावा, सामानाच्या पेट्या एकदाच उघडाव्या व एकदाच मिटाव्या, आणि हौस वाटलीच तर सकाळी निघून दिवेलागणीस परत येता येईल अशा जवळच्या एखाद्या गावी फेरी मारावी. ठराव एकमताने संमत झाला. आपल्या घरांतून एकमताने संमत झालेल्या ठरावांची पुढे काय अवस्था होते हे ज्यांना अनुभवाने ठाऊक आहे, त्यांना पुढील हकीकतीचे नवल वाटण्याचे कारण नाही.

मुक्कामाचे शहर म्हणून बोलोन्याची नेमणूक झाली, ती त्या शहराच्या गुणांमुळे नव्हे, तर नकाशामुळे. रोमचे नाव प्रथम निघाले. पण आठवड्याच्या आत रोम पाहिले असे म्हणणे ही त्या शहराच्या जमाखर्चात केलेली अफरातफर होईल, असा शेरा मारून मेहुण्यांनी ते प्रकरण निकाली काढले. व्हेनिसमध्ये कालव्यांवरील पुलांना पायऱ्या असतात हे कळताच ते शहर ताईच्या गुडघ्यांनी नामंजूर केले. फ्लॉरेन्समधील खोल्यांचे भाडे सूनबाईंनी मोठ्याने वाचून दाखविले आणि नंतर कोणी त्या शहराचे नाव काढले नाही. राहता राहिले बोलोन्या. मिलानहून रोमास जाणारा लोहमार्ग या शहरातून जातो, व्हेनिस, वेरोना आणि रिमिनी यांच्या वाटा येथेच फुटतात. जलदगाडीने फ्लॉरेन्स सुमारे चाळीस मिनिटांवर, मिलान तासाभरावर, व्हेनिस दीड तासावर, आणि मोदेना व फेरारा तर साध्या गाडीनेही अर्ध्या तासाच्या आसपास. थोडक्यात, बोलोन्या हे इटलीचे मनमाड होय. आणि शिर्डीस जाण्याकरिता मनमाडास असंख्य लोक उतरत असले, तरी खुद्द मनमाड पाहावे म्हणून कोणी सहकुटुंब उतरल्याचे जसे ऐकिवात नाही, तशीच या बापड्या शहराची गत होणार, अशी शंका मला त्याच बैठकीत येऊन चुकली.

ती शंका खरी ठरण्यास फार अवधी लागला नाही. ‘एखादी फेरी’ हे शब्द ठरावात शिरले होते आणि त्या शब्दांच्या आडोशाने प्रत्येकाने आपापली दरखास्त गुजरली. थोरल्या नातवास मोदेनाजवळच्या मारानेल्लो गावी फेरारी मोटारींचे संग्रहालय पाहावयाचे होते, आणि धाकट्यास थोरल्याला जे पाहावयाचे असेल ते. सूनबाईंनी वेरोना मागितले. तेथील ज्युलिएटचे घर आणि तिचा तो सज्जा हे प्रेमी जनांचे तीर्थक्षेत्र आहे. ज्युलिएट ही कल्पनेतील कन्या आणि तिचा सज्जा तर विसाव्या शतकात त्या भिंतीस जोडलेला आहे, हे मी नम्रपणे निवेदन केले, परंतु ‘मामा, तुम्हाला काही कळत नाही’ एवढ्या एका वाक्यात माझी हरकत फेटाळण्यात आली. मेहुण्यांना मिलानचे लेओनार्दोने रंगविलेले ‘अखेरचे भोजन’ पाहण्याची इच्छा झाली; त्या भित्तिचित्रापुढे प्रेक्षकांच्या लहान टोळ्यांना केवळ पंधरा मिनिटे उभे राहू देतात आणि त्याकरिता पुष्कळ आधी तिकीट राखून ठेवावे लागते, हे ऐकून तर त्यांची उत्सुकता दुणावली, कारण इतक्या कडक बंदोबस्तात ठेवलेली वस्तू मौल्यवान असलीच पाहिजे असा त्यांचा सरकारी सिद्धांत आहे. आणि ज्या व्हेनिसला गुडघ्यांनी नकार दिला होता त्याच व्हेनिसला ताईच्या अंतःकरणाने मागील दाराने आत घेतले. ‘राहायचं नाही हो, नुसतं जाऊन यायचं,’ ती म्हणाली. नुसते जाऊन येणाऱ्यांवर व्हेनिसच्या नगरपालिकेने २०२४ पासून वर्षातील ठराविक गर्दीच्या दिवशी प्रवेशकर बसविला आहे, ही माहिती चिरंजीवांनी दिली तेव्हा ताईचा चेहरा उतरला. मेहुण्यांनी मात्र मान डोलावली आणि महसुलाच्या दृष्टीने हा कर सर्वथा न्याय्य असल्याचा अभिप्राय दिला.

अशा रीतीने फेऱ्यांची यादी रजेपेक्षा लांब झाली, आणि बोलोन्याच्या वाट्यास फक्त निद्रा उरली.

चिरंजीवांच्या हट्टाचा उल्लेख अजून राहिला आहे. त्यांना पिसा हवे होते; पिसाचा मनोरा आपल्या तळहाताने सावरून धरीत असल्याचे छायाचित्र काढल्यावाचून इटलीस गेल्याचा पुरावा सिद्ध होत नाही, असे त्यांच्या कचेरीतील मंडळींचे मत दिसले. आता बोलोन्याहून पिसास जावयाचे म्हणजे आधी फ्लॉरेन्स गाठावे, तेथे गाडी बदलावी आणि पुढे तासभर प्रवास करावा. हा सर्व खटाटोप एका कललेल्या मनोऱ्यासाठी. यातील विनोद असा की, बोलोन्याच्या ऐन मध्यवस्तीत गारिसेंडा नावाचा बाराव्या शतकातील मनोरा असाच कललेला उभा आहे. तो इतका कलला की चौदाव्या शतकातच त्याची उंची छाटून कमी करावी लागली. दान्तेला त्याचे दर्शन इतके विलक्षण वाटले की त्याने आपल्या नरकवर्णनात त्याला स्थान दिले. आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्याची लक्षणे पाहून नगरपालिकेने त्याच्याभोवती कडे करून रस्ता बंद केला. पिसाच्या मनोऱ्याची पडण्याची भीती विसाव्या शतकाच्या अखेरीस अकरा-बारा वर्षे तो बंद ठेवून व त्याच्या पायाखालची माती काढून अभियंत्यांनी दूर केली, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे जो मनोरा आता पडणार नाही त्याला हात देण्यासाठी अर्धा दिवस प्रवास करावयाचा, आणि ज्याला खरोखर आधाराची गरज आहे तो मुक्कामाच्या दाराशी असता त्याच्याकडे पाठ फिरवावयाची. मी हे बोलून दाखविले. चिरंजीव म्हणाले, ‘मामा, पण हा कोणी ओळखणार नाही.’ या उत्तरावर माझ्याजवळ युक्तिवाद नव्हता.

मेहुण्यांच्या थोरल्या भगिनी, ज्यांना ताई वन्सं म्हणते आणि ज्यांच्यापुढे मेहुणे अजूनही खुर्चीवर सरळ बसतात, त्या कोल्हापूरच्या. त्यांनी यादीतील एकही नाव न उच्चारता विचारले, ‘राजाराम महाराजांच्या छत्रीला कधी जायचं?’ बैठकीत क्षणभर शांतता पसरली, कारण ही छत्री कोठे आहे हे त्यांच्यावाचून कोणासच ठाऊक नव्हते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये विलायतेस गेले आणि परतीच्या वाटेवर, त्याच वर्षीच्या ३० नोव्हेंबरला, फ्लॉरेन्स येथे ऐन विशीत निवर्तले. अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीने त्यांचा अग्निसंस्कार करण्यात आला. पुढे १८७४ मध्ये त्या जागी चार खांबांच्या छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभारला गेला, आणि आज कास्चिने उद्यानाच्या पश्चिम टोकास असलेल्या त्या स्थळावरून शेजारच्या भव्य पुलालाही ‘त्या हिंदी माणसाचा पूल’ अशा अर्थाचे नाव पडले आहे. फ्लॉरेन्सला जाणारी मराठी कुटुंबे दाविदाच्या पुतळ्यापुढे तासन् तास रांगेत उभी राहतात, आणि नदीकाठाने थोडे पुढे गेले असता आपल्याच मुलखातील एक तरुण राजा तेथे एकटा बसला आहे याची त्यांना वार्ताही नसते. वन्संची दरखास्त विनाचर्चा मंजूर झाली. ती मंजूर झाली नसती तर काय झाले असते, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य त्या घरात नाही.

दुसरी अशीच मागणी बेताशी काडीचाही संबंध नसलेल्या गृहस्थाकडून आली. शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीत त्यांची सारी हयात गेली. फेऱ्यांच्या यादीत रावेनाही आल्याचे कानावर पडताच ते येऊन बसले, चहा घेतला आणि म्हणाले, ‘तहसीलदारसाहेब, गाडी लूगोच्या पुढे गेली की एक नदी लागेल. सेनियो. लहानशीच आहे, पण तेवढी पोरांना दाखवा.’ ९ एप्रिल १९४५ रोजी, युरोपातील महायुद्ध संपावयास महिनाही उरला नसता, ही नदी ओलांडताना पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना गोळीबारातून पाण्यापार नेले, मग परत फिरून शत्रूच्या मशीनगन एकट्याने बंद पाडल्या, आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्या तुकड्यांना हाक दिली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सुभेदार एवढे सांगून उठले. फेरारी मोटारींच्या ध्यासात असलेल्या थोरल्या नातवाने त्या रात्री नकाशावर सेनियो शोधून काढली, ही गोष्ट मी त्याच्या खाती जमा धरतो.

आता अन्नाचा प्रश्न. आणि आपल्याकडील कोणत्याही परदेशगमनाचा खरा खलबतखाना स्वयंपाकघर हाच असतो. बोलोन्या शहरास इटालियन लोक तीन विशेषणे लावतात: विदुषी, लठ्ठ आणि तांबडी. विदुषी ही तेथील विद्यापीठामुळे, ज्याची स्थापना परंपरेने १०८८ सालची मानतात. तांबडी ही तेथील विटांच्या आणि छपरांच्या रंगामुळे. आणि लठ्ठ ही खाण्यापिण्यामुळे. आपल्याकडे एकाच स्त्रीस ही तिन्ही विशेषणे एकदम लावून सुखरूप घरी परतलेला मनुष्य माझ्या पाहण्यात नाही. हे लठ्ठपण मात्र जवळजवळ सर्वस्वी सामिष आहे. तेथील प्रसिद्ध रागू मांसाचा, तोर्तेल्लिनीचे सारण डुकराच्या मांसाचे, मोर्तादेल्ला तर नखशिखांत त्याचीच. ‘मग आम्ही चीज खाऊ,’ असे वन्सं उदारपणे म्हणाल्या. तेव्हा पार्मिजानो चीज करताना दूध साकळण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरतात, ही वार्ता सूनबाईंनी जरा घाईनेच सांगितली, आणि त्याबरोबर चीजचे कारखाने दाखविणारी पार्मा गावची फेरी, जी स्वतः सूनबाईंनीच गुपचूप यादीत घुसविली होती, तत्क्षणी खारीज झाली. घरून नेण्याच्या जिन्नसांची यादी निघाली. भाजणी, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी यांवर कोणाची हरकत दिसली नाही. परंतु दूध आणि दुधाचे पदार्थ प्रवाशांनी बाहेरून आणू नयेत असा युरोपीय संघाचा दंडक असल्यामुळे साजूक तुपास त्या मुलखात प्रवेश नाही. माणसाला शेंगेनचा परवाना मिळू शकतो, तुपाला मिळत नाही, हे कळल्यावर वन्संनी त्या खंडाविषयी जे मत बनविले ते अद्याप बदललेले नाही. शेवटी त्यांच्यापुरता एकच पदार्थ हाती लागला: पिसा येथील चेचीना, म्हणजे हरभऱ्याचे पीठ, पाणी, तेल आणि मीठ एवढ्यावर भट्टीत भाजलेले बेसनाचे जाड धिरडे. या धिरड्यामुळे पिसाचा पक्ष एकाएकी बळावला, आणि चिरंजीवांना ज्या बाजूने मदतीची अपेक्षा नव्हती त्या बाजूने कुमक मिळाली.

येथवर प्रकरण आले असता शेंगेन परवान्याच्या अर्जाची वेळ झाली, आणि मेहुण्यांच्या निवृत्त जीवनात वसंत अवतरला. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि पंधरा दिवस आधीपर्यंत करावयाचा तो अर्ज, ३५ बाय ४५ मिलिमीटरची छायाचित्रे, बोटांचे ठसे, किमान ३०,००० युरोंचा विमा, बँकेचे उतारे, प्रौढास ९० युरो शुल्क, सहा ते बारा वर्षांच्या बालकास ४५, आणि सहा वर्षांच्या आतील बालकास माफी. या शेवटच्या कलमामुळे प्रवासाची तिथी आपोआप ठरली, कारण धाकट्या नातवास दिवाळीत सहावे वर्ष पुरे होते. तत्पूर्वी चिरंजीवांनी १५ ऑगस्टच्या सुटीस जोडून जाण्याची तजवीज मांडून पाहिली होती. पण त्याच दिवशी इटलीत फेर्रागोस्तोचा सण असतो, निम्मी दुकाने आणि खाणावळी बंद ठेवून लोक समुद्रकाठी जातात, म्हणून ती तहकूब झाली. स्वित्झर्लंडही जाता जाता उरकावे, लुगानो मिलानपासून फार दूर नाही, अशी एक कुजबुज निघाली होती. ‘हद्द ओलांडावयाची नाही’ एवढ्या तीन शब्दांत मेहुण्यांनी ती दाबली.

परंतु त्या अर्जासोबत रोजच्या रोजचा कार्यक्रम लिहून द्यावयाचा होता. मेहुण्यांनी आखीव कागद घेतला, वर ‘मुक्काम पोस्ट बोलोन्या’ असे वळणदार अक्षरांत लिहिले, आणि खालचा प्रत्येक रकाना परगावच्या नावाने भरत चाललेला पाहून त्यांचा हात थांबला. ज्या गावी मुक्काम, त्या गावी एकही नोंद नाही. हा कागद कोणत्याही तपासनिसाने पाहिला तर मुक्काम बनावट ठरवील, अशी त्यांना खात्री पटली. तेव्हा निदान एक रकाना तरी खरा भरावा म्हणून त्यांनी त्या शहराची कैफियत वाचावयास घेतली. बोलोन्याच्या मोठ्या चौकात नगरपालिकेच्या वाड्याच्या भिंतीवर शहरातील जुनी प्रमाणमापे दगडात कोरून ठेवली आहेत, हे त्यांच्या नजरेस पडले: पाऊल, हात, जमीन मोजण्याची काठी, आणि विटांची व कौलांची प्रमाण आकृती सुद्धा, जेणेकरून बाजारात कोणी कोणास फसवू नये. जो मनुष्य शिवारात साखळी ओढण्याच्या वादांवर केस पिकवून बसला आहे, त्यास या भिंतीचे केवढे अप्रूप वाटले असेल! त्याच चौकातील सान पेत्रोनिओ मंदिराच्या फरशीवर १६५५ साली खगोलवेत्ता कास्सीनी याने सुमारे ६७ मीटर लांबीची मध्यान्हरेषा आखली. छतातील एका छिद्रातून येणारा सूर्यकिरण रोज दुपारी त्या रेषेवर आपली हजेरी लावतो, आणि पंचांग बरोबर चालले आहे की नाही याचा ताळा पाहता येतो. आणि कळस म्हणजे, तालियातेल्ले नावाच्या शेवयांच्या पट्टीची शिजल्यानंतरची रुंदी आठ मिलिमीटर असावी, म्हणजे शहरातील आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग, असे ठरवून तिचा सोन्यात केलेला नमुना १९७२ साली तेथील व्यापारी मंडळाच्या दफ्तरात रीतसर दाखल करण्यात आला आहे.

‘शेवई दफ्तरी दाखल आहे,’ मेहुणे हळूच म्हणाले, आणि त्यांनी कागद उलटा केला.

दुसऱ्या बाजूस त्यांनी जो फैसला लिहिला त्याची नक्कल माझ्याजवळ आहे. फ्लॉरेन्सची फेरी वन्संच्या हक्कास्तव कायम. रावेनाची सुभेदारांच्या शब्दास्तव कायम, शिवाय तेथे सहाव्या शतकातील रंगीत काचतुकड्यांची चित्रे आहेत, आणि ज्या दान्तेला फ्लॉरेन्सने हद्दपार केले त्याची समाधी आहे, जिच्यावरील दिव्यास दरवर्षी तेल पाठविण्याचे प्रायश्चित्त आज तेच फ्लॉरेन्स घेत आहे. मारानेल्लो बालहट्ट म्हणून सशर्त मंजूर. व्हेनिस, वेरोना, मिलान, पिसा नामंजूर; धिरडे घरी करून खावे. बाकी सर्व दिवस बोलोन्यात, जेथे सुमारे ६२ किलोमीटर लांबीच्या कमानदार ओसऱ्या असल्यामुळे पाऊस असो वा ऊन, छत्री न उघडता गाव पाहता येते. त्यांतीलच ६६६ कमानींची एक ओसरी टेकडीवरील सान लूकाच्या मंदिरापर्यंत चढत जाते. तिच्या पायथ्यापर्यंत ताईने यावे, पुढे सक्ती नाही. घरात अपील करण्याची तरतूद नसल्यामुळे प्रकरण तेथेच मिटले, आणि माझ्या मते तो फैसला कोणत्याही प्रवासी कंपनीच्या पत्रकाहून शहाणपणाचा होता.

असाच बेत करणाऱ्या वाचकांस माझी एवढीच विनंती आहे की, फेऱ्यांचे भांडण त्यांनी घरी बसून मिटविण्याच्या भरीस पडू नये. जलदगाड्यांची तिकिटे आधी घेतल्यास स्वस्त पडतात, ती घ्यावी. पण मोदेना, फेरारा, रावेना या वाटांवरील प्रादेशिक गाड्यांचे भाडे ठरलेले असते, ते आदल्या महिन्यात घेतले काय आणि फलाटावर उभे राहून घेतले काय, सारखेच. फक्त कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा, नाहीतर दंड होतो. संप झाला तरी घाबरू नये: तेथे संप आगाऊ जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत ठराविक प्रादेशिक गाड्या कायद्याने सोडाव्याच लागतात. दुपारी अडीचनंतर खाणावळी बंद होतात आणि संध्याकाळी सात-साडेसातच्या आत उघडत नाहीत, म्हणून मुलांसाठी पिशवीत लाडू असू द्यावे, मात्र ते तेलातले. बिलात माणशी दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’ म्हणून लावलेले दिसले तर वाद घालू नये, ते बसण्याचे आहेत. आणि फ्लॉरेन्सची फेरी सोमवारी ठेवू नये. सोमवारी तेथील उफीत्सी कलादालन बंद असते.